कोणती शाखा घ्यायची आणि दुरुस्ती तिथे कशी पोचते

नागपुरात कळमन्याच्या अडतीत फाइल सर्व्हर बसवायचा असो, धरमपेठेतल्या सीएच्या ऑफिसात फायरवॉल असो की हिंगणा रोडवरच्या कॉलेजात लॅब, फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या डाउनलोडपर्यंत आलं की हात थबकतो. करंट, स्टेबल, रिलीज. बहुतेकांचा अंदाज असा असतो की करंट म्हणजे ताजी आणि स्टेबल म्हणजे भरवशाची, तर मग स्टेबलच घ्यावी. हा अंदाज चुकतो, आणि चुकीच्या शाखेवर बसवलेलं मशीन पुढची दोन-तीन वर्षं डोकं खातं. म्हणून शाखा, म्हणजे एकाच कोडच्या समांतर चालणाऱ्या प्रती, आतून कशा चालतात ते इथे जरा सविस्तर लिहितो. मुख्य उदाहरण फ्रीबीएसडीचं घेतोय, कारण तिथली मांडणी सगळ्यात स्वच्छ आहे. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि लिनक्सवर उभी असलेली डेबियन ही सिस्टीम लागेल तसे येतील.

नवं काम सगळं मेन शाखेत पडतं. फ्रीबीएसडीचा सोर्स डिसेंबर २०२० मध्ये गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर आला. त्याआधी सबव्हर्जन होतं आणि हीच शाखा हेड म्हणून ओळखली जायची. मेनवरून बांधलेल्या सिस्टीमला करंट म्हणतात. करंटच्या जेनेरिक कर्नलमध्ये विटनेस आणि इन्व्हेरियंट्स या तपासण्या मुद्दाम चालू ठेवलेल्या असतात. कर्नलमधली लॉक कोणत्या क्रमाने घेतली जातात यावर विटनेस नजर ठेवतं आणि क्रम उलटा झाला की लगेच ओरडतं. कोड लिहिणाऱ्याने जे गृहीत धरलंय ते खरं आहे का, हे इन्व्हेरियंट्स प्रत्येक वेळी तपासतं आणि खोटं निघालं तर मशीन तिथेच पॅनिक करतं, म्हणजे मुद्दाम बंद पडतं. चुका लवकर उघड्या पडाव्यात हाच उद्देश असल्यामुळे करंट हळू चालते. तिच्यावर डिस्कचा किंवा नेटवर्कचा वेग मोजून निष्कर्ष काढू नका. मोजायचंच असेल तर जेनेरिक-नोडीबग नावाचं कर्नल कॉन्फिगरेशन घ्या.

साधारण दोन वर्षांनी मेनमधून एक स्टेबल शाखा फुटते. स्टेबल/१४ ही ऑगस्ट २०२३ मध्ये फुटली आणि तिच्यातून १४.० हे रिलीज २० नोव्हेंबर २०२३ ला आलं. शाखा फुटल्यावर वर सांगितलेल्या तपासण्या त्या शाखेत बंद केल्या जातात. महत्त्वाचा बदल मात्र निराळा आहे: इथून पुढे त्या शाखेने बायनरी सुसंगततेची हमी घेतलेली असते. १४.० वर बांधलेला प्रोग्राम १४.३ वर पुन्हा न बांधता चालला पाहिजे.

ही हमी किती महाग पडते ते कर्नलमधल्या एखाद्या स्ट्रक्चरकडे पाहिलं की कळतं. समजा एका स्ट्रक्चरच्या मधोमध ८ बाइटचं एक नवं फील्ड घातलं. त्याच्या खालची सगळी फील्डं ८ बाइटने सरकली. जुन्या हेडरवर बांधलेलं मॉड्यूल मात्र जुन्याच अंतरावर वाचत राहतं. ते पॉइंटर समजून भलताच आकडा उचलतं आणि कर्नल कोसळतं. नाहीतर कोसळत नाही आणि गुपचूप चुकीच्या जागी लिहीत राहतं, जे जास्त वाईट. मेनमध्ये असा बदल खुशाल करता येतो, कारण तिथे सगळं एकत्र नव्याने बांधायचं हे ठरलेलंच आहे. स्टेबलमध्ये करता येत नाही. म्हणून शाखा फुटण्याआधी जाणते डेव्हलपर महत्त्वाच्या स्ट्रक्चरच्या शेवटी रिकामी फील्डं राखून ठेवतात. पुढच्या चार-पाच वर्षांत काही जोडायची वेळ आली तर तीच जागा वापरतात.

आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टीममधला प्रत्येक फाइलचा ओळख क्रमांक, ३२ बिटांवरून ६४ बिटांवर नेण्याचं काम हे याचं मोठं उदाहरण. मे २०१७ मध्ये ते मेनमध्ये आलं. त्यात फाइलची माहिती देणारं स्टॅट स्ट्रक्चर बदललं, डिरेक्टरीच्या नोंदींचं बदललं, सिस्टीम कॉल नवे आले. जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून लिबसी या सगळे प्रोग्राम वापरतात त्या मूळ लायब्ररीमध्ये जुनी सिंबॉलं जुन्या व्हर्जनच्या नावाने जपून ठेवली गेली. इतकं करूनही स्टेबल/११ मध्ये हे काम गेलं नाही. ते डिसेंबर २०१८ मध्ये १२.० बरोबर लोकांपर्यंत पोचलं. ज्याला हे हवं होतं त्याला दीड वर्ष थांबावं लागलं. शाखांची शिस्त ही अशी असते आणि माझ्या मते ती योग्यच आहे.

आता तिसरी पायरी. स्टेबलमधून प्रत्येक रिलीजसाठी एक रिलेंग शाखा निघते: रिलेंग/१४.०, रिलेंग/१४.१ अशी. रिलीजची तारीख जवळ आली की स्टेबल गोठवली जाते, आणि मग प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) रिलीज इंजिनिअरिंग टीमची मंजुरी लागते. बीटा निघतात, पहिल्या आरसीच्या (रिलीज कँडिडेटच्या) आगेमागे रिलेंग शाखा वेगळी होते, आणि रिलीज झाल्यावर तिचा ताबा सिक्युरिटी ऑफिसरकडे जातो. त्यानंतर तिच्यात दोनच प्रकारचे बदल येतात: सुरक्षेचे आणि एराटाचे, म्हणजे मोठा त्रास देणाऱ्या चुकांचे. असा प्रत्येक हप्ता आला की पी१, पी२ असा आकडा वाढतो. स्टेबलमध्ये मात्र रोज काही ना काही पडत असतं: ड्रायव्हर, नवी साधनं, कंपायलरची नवी आवृत्ती. तेव्हा ज्या सर्व्हरवर धंदा चालतो त्याच्यावर रिलीज आणि तिचे पॅच. स्टेबल ही पुढच्या पॉइंट रिलीजची तयारी चालू असलेली शाखा आहे. तिच्यावर राहणं म्हणजे त्या तयारीत सामील होणं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. पॅच लावला, मशीन रीबूट केलं, तरी यूनेम -आर जुनाच पी आकडा दाखवतं. पॅच लागला नाही असं वाटून लोक पुन्हा पुन्हा लावत बसतात. यूनेम फक्त चालू कर्नलचा आकडा सांगतं, आणि पॅच ओपनएसएसएचसारख्या (दुरून लॉगिन करण्याचं साधन) यूजरलँडमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, गोष्टीचा असेल तर कर्नल बदललेलंच नसतं. फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू ही कमांड द्या. ती तीन ओळी देते: डिस्कवर बसलेलं कर्नल, चालू असलेलं कर्नल आणि यूजरलँड. पहिल्या दोन ओळी वेगळ्या आल्या तर रीबूट राहिलंय. तिसरी पुढे असेल तर ठीक आहे.

दुरुस्ती एका शाखेतून दुसरीत कशी जाते, हा या सगळ्यातला खरा नाजूक भाग. नियम असा की दुरुस्ती आधी मेनमध्ये, मग सगळ्यात नव्या स्टेबलमध्ये, मग त्याआधीच्या. उलटं केलं तर काय होतं? १४ मध्ये बरी झालेली चूक १५ मध्ये तशीच राहते, आणि अपग्रेड करणाऱ्याला तोच त्रास दुसऱ्यांदा होतो. मेनमधून खाली आणण्याला एमएफसी म्हणतात, मर्ज फ्रॉम करंट. कमिटच्या संदेशात "एमएफसी आफ्टर: २ वीक्स" असं लिहिलेलं असतं, म्हणजे मेनवर दोन आठवडे चालून कोणाची तक्रार आली नाही तर खाली आणायचं. साध्या दुरुस्तीला तीन दिवस, गुंतागुंतीच्या कामाला महिना. त्यानंतर स्टेबलच्या वर्कट्रीमध्ये (त्या शाखेच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) जाऊन गिट चेरी-पिक -एक्स (एक कमिट उचलून दुसऱ्या शाखेत लावणारी कमांड) आणि मूळ कमिटचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक. -एक्स विसरायचं नाही. त्यामुळे नव्या कमिटच्या संदेशात मूळ हॅश नोंदला जातो, आणि पुढे तोच एकमेव धागा हातात राहतो.

चेरी-पिक बिनतक्रार लागलं म्हणजे काम झालं, असं धरून चालणं ही सगळ्यात धोक्याची चूक. काटोल-नरखेडकडे संत्र्याची कलमं करणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही: डोळा जंबेरीच्या खुंटावर बसला, पट्टी बांधली, तरी तो जगला की नाही हे नंतरच कळतं, आणि ते खुंटाच्या अवस्थेवर अवलंबून असतं. गिट फक्त आजूबाजूच्या ओळी जुळतात का ते पाहतं. त्या ओळी ज्या दुसऱ्या फंक्शनवर विसंबून आहेत ते जुन्या शाखेत तसंच वागतं का, हे गिटला कळत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.१ मालिकेत नेमकं हेच घडलं. एक्स्ट४ फाइल सिस्टीममध्ये थेट डिस्कवर लिहिताना फाइलचा आकार नीट नोंदला जावा यासाठी एक दुरुस्ती मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मुख्य शाखेत, झाली होती. ती ६.१.६४ मध्ये आणली गेली. ओळी जुळल्या, कंपाइल झालं. पण ती दुरुस्ती आयओमॅप या कर्नलच्या वाचन-लेखनाच्या भागातल्या आणखी एका बदलावर अवलंबून होती, आणि तो बदल ६.५ मध्ये आलेला होता. ६.१ मध्ये तो नव्हताच. त्यामुळे थेट लिखाणानंतर फाइलमधलं पुढचं स्थान कोणतं, याचा हिशेब चुकायला लागला आणि डेटा खराब होऊ लागला. डेबियन १२.३ हे पॉइंट रिलीज त्याच कर्नलसह निघण्याच्या बेतात होतं. ते थांबवावं लागलं, आणि १० डिसेंबरला सुधारित कर्नलसह थेट १२.४ आलं. मेनलाइनमध्ये तो कोड बरोबरच होता. ६.६ मध्येही अडचण नव्हती, कारण पायाचा बदल तिथे आधीपासून होता. चूक फक्त जुन्या शाखेत जन्मली.

लिनक्सच्या स्टेबल टीमचे नियम या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. पॅच मेनलाइनमध्ये आधीच असला पाहिजे, खरोखर कोणाला त्रास देणारी चूक त्याने सुटली पाहिजे, आणि आजूबाजूच्या ओळी धरून तो १०० ओळींच्या आत असला पाहिजे. "फिक्सेस:" या टॅगमध्ये ज्या कमिटने चूक आणली तिच्या हॅशची पहिली १२ अक्षरं द्यायची, म्हणजे कोणत्या शाखांना दुरुस्ती लागते हे यंत्रालाही ठरवता येतं. आधीचा एखादा कमिट पायाला लागत असेल तर "सीसी: स्टेबल" या ओळीतच तो नोंदवायची सोय आहे. ती ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर आरसी निघतो आणि तपासायला साधारण ४८ तास मिळतात. ४८ तास फार कमी आहेत असं मला वाटतं. फाइल सिस्टीमच्या बॅकपोर्टला (जुन्या शाखेत आणलेल्या दुरुस्तीला) जास्त वेळ द्यायला हवा.

आता रोजच्या कामाचा प्रश्न: अमुक दुरुस्ती माझ्या शाखेत आली का? इथे बरेच जण गिट ब्रँच --कंटेन्स वापरतात आणि उत्तर नाही येतं. ते चुकीचं असतं. चेरी-पिक केलं की कमिटचा हॅश नवा होतो, त्यामुळे मूळ हॅश त्या शाखेत कधीच सापडणार नाही. गिट लॉगला शाखेचं नाव द्या आणि --ग्रेपमध्ये मूळ हॅश टाका. -एक्सने नोंदलेली ओळ सापडते. लिनक्सच्या स्टेबल शाखांत संदेशाची पहिली ओळच "कमिट अमुक अपस्ट्रीम" अशी असते, तिथेही हीच युक्ती चालते. सापडल्यावर आणखी एक शोध घ्या: याच हॅशला "फिक्सेस:" म्हणणारा नंतरचा कमिट मेनमध्ये आहे का? असेल तर दुरुस्तीचीही दुरुस्ती झालेली आहे, आणि ती खाली आली नसेल तर अर्धंच काम झालंय.

आवृत्तीच्या आकड्यावरून निर्णय करणाऱ्यांची गल्लत इथूनच सुरू होते. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली रेग्रेश ही भेग जाहीर झाली, ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्यांत. मूळ प्रकल्पाची दुरुस्ती ९.८पी१ मध्ये. डेबियन १२ मध्ये ९.२पी१ होती आणि ती ९.२पी१च राहिली. फक्त पॅकेजच्या शेवटी डेब१२यू३ असा आकडा आला, कारण नवी आवृत्ती न आणता तेवढी दुरुस्तीच जुन्या कोडवर बसवली. आता ऑडिटला आलेल्या माणसाचा स्कॅनर एसएसएचच्या बॅनरमधला ९.२ वाचतो आणि लाल शेरा मारतो. घाबरून बाहेरून ९.८ बांधून बसवू नका. तसं केलंत तर पुढच्या सगळ्या सुरक्षा दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्यावर येते आणि एपीटी हे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन त्या पॅकेजकडे पाहणंही सोडून देतं. डीपीकेजी -एलने पॅकेजचा पूर्ण आकडा काढा, तो डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर सीव्हीई क्रमांकासमोर (त्या भेगेच्या जाहीर क्रमांकासमोर) दिलेल्या दुरुस्त आकड्याइतका किंवा त्याच्या पुढचा आहे हे दाखवा आणि ऑडिटच्या कागदाला ते पान जोडा. आकडा मागे असेल तर स्कॅनर बरोबर बोलतोय.

शाखांमधला हा उशीर काहींना आळस वाटतो. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात त्या उशिराने बरंच काही वाचवलं. एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घातलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्यांनी मूळ शोधलं आणि २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं. तोवर ते पॅकेज डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. अर्थात टेस्टिंगपर्यंत ते गेलं हेही विसरू नये. अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये जायला निकडीनुसार १०, ५ किंवा २ दिवस लागतात, आणि तेवढ्यात असा छुपा कोड सापडेलच असं नाही. टेस्टिंग ही मधली सुरक्षित वाट आहे असं मानून ऑफिसच्या सर्व्हरवर ती ठेवणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी: सुरक्षेची दुरुस्तीही त्याच रांगेतून येते, आणि एखाद्या दुसऱ्याच पॅकेजमुळे रांग अडली तर दुरुस्तीही अडते.

फ्रीबीएसडीची स्टेबल शाखा सोर्सवरून चालवायची असेल तर क्रम पाळा. आधी सोर्समधली अपडेटिंग नावाची फाइल, मागच्या वेळच्या तारखेपासून वरपर्यंत वाचायची. मग मेक बिल्डवर्ल्ड, मेक बिल्डकर्नल. मग झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर बीईसीटीएल क्रिएटने नवं बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चालू सिस्टीमची प्रत. मग मेक इन्स्टॉलकर्नल आणि रीबूट. नव्या कर्नलवर आल्यावर ईटीसीअपडेट -पी, मेक इन्स्टॉलवर्ल्ड, ईटीसीअपडेट, मेक डिलीट-ओल्ड, पुन्हा रीबूट. कर्नल आधी आणि यूजरलँड नंतर, याचं कारण सरळ आहे. नवी लिबसी नवे सिस्टीम कॉल वापरते. ते जुन्या कर्नलला माहीत नसतील तर साधं एलएस सुद्धा "बॅड सिस्टीम कॉल" म्हणून मरतं, आणि मग दुरुस्त करायला हाताशी एकही चालणारं साधन राहत नाही. डिलीट-ओल्ड-लिब्स सगळ्यात शेवटी, पॅकेजं नव्याने बसवून झाल्यावर. जुन्या लायब्ररी आधीच काढल्या तर त्यांच्यावर विसंबलेले प्रोग्राम उठणार नाहीत.

मे महिन्यात नागपुरात हे काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बिल्डवर्ल्डचा बहुतेक वेळ क्लँग आणि एलएलव्हीएम हा कंपायलर बांधण्यात जातो, आणि तेवढा वेळ सगळे कोर पूर्ण क्षमतेने चालतात. बाहेर ४५ अंश आणि खोलीत फक्त कूलर असेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, काम लांबतं. रात्री लावा आणि -जे चा आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) एक-दोनने कमी ठेवा. फाइलमॉन मॉड्यूल लोड करून मेटा मोड चालू केलात तर पुढच्या खेपेला फक्त बदललेलं बांधलं जाईल. दुसरी गोष्ट लाइट जाण्याची. बिल्डच्या मधे गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा सुरू करा. इन्स्टॉलवर्ल्डच्या मधे गेली तर अर्ध्या फाइली नव्या, अर्ध्या जुन्या. यूपीएसवर किती मिनिटं मिळतात हे आधी पाहून ठेवा. वर म्हटलेलं बूट एन्व्हायर्नमेंट इथेच कामी येतं: लोडरच्या मेनूतून ती आधी काढलेली प्रत निवडायची आणि पूर्वीच्या सिस्टीमवर परत यायचं. फक्त त्या उत्साहात झेडपूल अपग्रेड करू नका. पूलमध्ये (झेडएफएसच्या डिस्कांच्या गटात) नवी फीचर्स चालू झाली की जुनं कर्नल, कधीकधी जुना लोडरही, तो पूल उघडू शकत नाही आणि परतीचा रस्ता बंद होतो. महिनाभर नवी शाखा नीट चालू द्या, ईएसपीमधला, म्हणजे डिस्कच्या बूटसाठी राखलेल्या भागातला, लोडर नवा करा, मग पूल.

रिलीजवर राहणाऱ्यांनाही एक खड्डा माहीत हवा. एका स्टेबल मालिकेसाठी पॅकेजं त्या मालिकेतल्या सगळ्यात जुन्या, अजून पाठिंबा असलेल्या पॉइंट रिलीजवर बांधली जातात. साध्या प्रोग्रामांना याने काही होत नाही, बायनरी सुसंगतता त्यासाठीच आहे. ग्राफिक्सच्या डीआरएम-केमॉडसारखी कर्नल मॉड्यूलं मात्र कर्नलच्या आतल्या भागांना थेट हात घालतात, आणि तिथली हमी तितकी पक्की नसते. १४.१ हे ४ जून २०२४ ला आलं आणि १४.० चा पाठिंबा ३० सप्टेंबरला संपला. मधल्या काळात १४.१ वर गेलेल्या डेस्कटॉपवर १४.० साठी बांधलेलं ग्राफिक्स मॉड्यूल बिघडण्याची शक्यता होती. उपाय म्हणजे तेवढं एक पोर्ट (पॅकेज सोर्सवरून बांधायची कृती) आपल्या सोर्सवरून बांधणं. अलीकडच्या रिलीजांसाठी कर्नल मॉड्यूलांची वेगळी रिपॉझिटरी आहे, ती चालू ठेवा. लॅबमध्ये वीस-पंचवीस मशीनवर एकदम अपग्रेड लावण्याआधी एका मशीनवर पडदा उजळतो का ते बघा.

कर्नलमध्ये काम करायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी थेट मेन घ्यावी, व्हर्च्युअल मशीनमध्ये. स्टेबलवर लिहिलेला पॅच कोणी स्वीकारत नाही. चूक मेनवर दिसते का हे पहिल्यांदा विचारलं जातं. नेटफ्लिक्ससारखी कंपनी तर आपले व्हिडिओ सर्व्हरच मेनच्या जवळ राहून चालवते, कारण दोन वर्षांचे बदल एकदम ओढण्यापेक्षा थोडे थोडे रोज ओढणं त्यांना परवडतं. त्यांच्याकडे ते तपासणारी माणसं आहेत. सीएच्या ऑफिसात ती नसतात. तिथे रिलीज, महिन्यातून एकदा फ्रीबीएसडी-अपडेट, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाठिंब्याच्या मुदतीची तारीख: १३ मालिकेसाठी ३० एप्रिल २०२६, १४ साठी ३० नोव्हेंबर २०२८. १५ पासून मालिकेची मुदत पाचऐवजी चार वर्षांची झाली आहे, त्यामुळे जुन्या सवयीने पाच वर्षं धरून हार्डवेअरचा करार करू नका.